कचेरी गेली, सही राहिली

२०१९ च्या जुलैत अमेरिकेच्या इंटिरियर खात्यानं जाहीर केलं, की सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन या गावी जाईल. युक्तिवाद बिनतोड होता. ब्युरोच्या ताब्यातली जवळपास सगळी जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत आहे, मग तिचे साहेब अडीच हजार किलोमीटरवर कशाला? वॉशिंग्टनमधली ३२८ पदं हलवायचं ठरलं. त्यांतले ४१ जण सांगितलेल्या ठिकाणी गेले. उरलेल्या २८७ जणांनी निवृत्ती घेतली, राजीनामा दिला किंवा दुसऱ्या खात्यात सोय लावून घेतली. खुद्द ग्रँड जंक्शनला पोहोचले तिघे. ज्या इमारतीत हे नवं मुख्यालय थाटलं, तिथेच शेव्हरॉन या तेलकंपनीचंही ऑफिस होतं, हे विरोधकांनी अर्थातच गावभर केलं. सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या मंत्री डेब हालँड यांनी मुख्यालय वॉशिंग्टनला परत आणत असल्याचं जाहीर केलं.

असले किस्से ऐकले की कचेऱ्या राजधानीबाहेर नेण्याची कल्पनाच खुळी वाटते. ती तशी नाही. गेल्या साठ वर्षांत निरनिराळ्या देशांनी ती पुन्हापुन्हा करून पाहिली आहे आणि काही ठिकाणी ती चांगली रुजली आहे. घोटाळा होतो तो एकाच घोषणेत चार इच्छा कोंबल्यामुळे. अर्थखात्याला राजधानीतलं भाडं वाचवायचं असतं. नियोजनकारांना मागास भागात पगारदार वर्ग न्यायचा असतो. प्रशासन सुधारणावाल्यांना सरकार लोकांच्या जवळ आणायचं असतं. आणि आमदार-खासदारांना आपल्या मतदारसंघात कोनशिला हवी असते. या चारही गोष्टींसाठी चार वेगळी गावं निवडावी लागतील, हे घोषणेच्या दिवशी कोणी बोलत नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की दौलताबाद आठवतंच. पण तुघलकानं राजधानी हलवली होती. इथे राजधानी जागेवर ठेवून कचेऱ्या हलवायच्या आहेत, आणि ते एका अर्थी जास्त कठीण आहे, कारण माणसांना मागे खेचणारं केंद्र तिथेच, शाबूत, राहतं.

या बाबतीत सर्वांत दीर्घ अनुभव ब्रिटनचा. युद्धकाळात नौदलाच्या कचेऱ्या लंडनहून बाथला गेल्या होत्या. शांततेच्या काळातला पहिला मोठा अहवाल गिल्बर्ट फ्लेमिंग यांचा, १९६३ चा. त्यानंतर १९७३ मध्ये हेन्री हार्डमन यांनी सुमारे ३१,००० पदं लंडनबाहेर न्यायची शिफारस केली. थॅचरबाईंचं सरकार आल्यावर त्या योजनेला कात्री लागली. २००४ मध्ये मायकेल लायन्स यांनी २०,००० पदांचा आकडा दिला, २०२० नंतर तो २२,००० झाला. सरकारं बदलली तरी आकड्याचा सोस सुटला नाही.

या सगळ्यातलं निर्विवाद यश म्हणजे स्वान्सी. वाहन आणि चालक परवान्यांची नोंद पूर्वी ब्रिटनभरच्या स्थानिक कौन्सिलांकडे असायची. साठच्या दशकात ती संगणकावर एकत्र आणायचं ठरलं आणि केंद्र वेल्समधल्या स्वान्सीत उभारलं गेलं. आजही ब्रिटनमध्ये गाडी घेतली की कागद स्वान्सीहून येतात. इथे लंडनहून फारसं कुणाला उचलून न्यावं लागलं नाही. काम नवं होतं, माणसं तिथलीच भरली, त्यांना तिथेच शिकवलं. जुन्या उद्योगांना उतरती कळा लागलेल्या त्या भागात पेन्शनची नोकरी मिळतेय म्हटल्यावर चांगली मुलं आली आणि टिकली. शिवाय परवान्याच्या कामाला मंत्र्याच्या दालनात रोज जावं लागत नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच वेल्समध्ये, तासाभराच्या अंतरावर आहे. लायन्स अहवालानंतर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लंडनहून न्यूपोर्टला नेलं. कार्यालयाची मोठी शाखा तिथे आधीपासून होती, त्यामुळे हे सोपं जाईल असा हिशेब होता. लंडनमधल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के गेले नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंड, विद्यापीठं, खासगी बँका यांच्या शेजारात वाढतात. त्यांना तिथे पायलीला पन्नास नोकऱ्या होत्या. २०१६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स बीन यांनी ब्रिटनच्या आकडेवारीचा आढावा घेतला तेव्हा या स्थलांतरात तज्ज्ञ माणसं गमावल्याचा फटका आकड्यांच्या गुणवत्तेला बसला, असं स्पष्ट नोंदवलं. पुढे न्यूपोर्टला डेटा सायन्सचं केंद्र काढून नव्या दमाची मुलं घडवायला सुरुवात झाली. पण मधली दहा वर्षं गेली ती गेलीच.

आयर्लंडची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. ‘कसं करू नये’ याचा इतका परिपूर्ण नमुना दुसरा नाही.

३ डिसेंबर २००३. अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांचं अर्थसंकल्पी भाषण. त्यात त्यांनी जाहीर केलं, की डब्लिनमधली १०,३०० सरकारी पदं ५३ गावांत जातील. आठ खात्यांची अख्खी मुख्यालयं डब्लिनबाहेर जातील: शेती पोर्टलिशला, संरक्षण न्यूब्रिजला, शिक्षण मुलिंगरला, पर्यावरण वेक्सफर्डला, पर्यटन-कला किलार्नीला, असं वाटप. मुदत तीन वर्षं. बदली ऐच्छिक. मंत्र्यांना मात्र डब्लिनमध्ये संसदेजवळ छोटं दालन राहील. हा शेवटचा तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो. खातं मुलिंगरला, मंत्री डब्लिनला. मग सचिवानं कुठे असावं हे कुणीही न सांगता सगळ्यांना कळलं.

एक वर्ष आधीच, २००२ मध्ये, याच सरकारनं देशाच्या समतोल विकासाचा आराखडा काढला होता. वाढीची केंद्रं म्हणून ठरावीक शहरं त्यात निवडली होती. ५३ गावांच्या यादीतली बहुसंख्य त्या निवडीबाहेरची. म्हणजे स्वतःच्याच आराखड्याकडे सरकारनं ढुंकून पाहिलं नाही. लाओइस-ऑफलीचे आमदार आणि राज्यमंत्री टॉम पार्लन यांच्या मतदारसंघाला घसघशीत वाटा मिळाला, आणि त्या भागात ‘पार्लन कंट्रीत आपलं स्वागत आहे’ असे फलक झळकले. पुढच्या जूनमध्ये स्थानिक निवडणुका होत्या. सत्ताधारी पक्ष त्या सपाटून हरला, हे विशेष. ज्या गावांना कचेऱ्या मिळाल्या त्यांनी उपकार मानले नाहीत, ज्यांना मिळाल्या नाहीत ती रुसली.

अंमलबजावणी समिती घोषणेनंतर नेमली, वरातीमागून घोडं. तिनं कर्मचाऱ्यांकडून पसंतीचे अर्ज मागवले आणि मग खरी गंमत उघड झाली. अर्ज बरेच आले, पण त्यांत मोठा भाग आधीच डब्लिनबाहेर नोकरी करणाऱ्यांचा होता. त्यांना आपल्या गावाजवळ सरकायचं होतं. डब्लिनचे जे तयार झाले त्यांनी खातं पाहिलं नाही, गाव पाहिलं. माहेर ज्या गावी त्या गावची कचेरी. साहजिक आहे, आपणही तेच केलं असतं. परिणाम असा, की एखादं खातं गावी पोहोचायचं तेव्हा त्यात खात्याचं काम येणारी माणसं थोडी आणि दुसऱ्याच खात्यातून आलेली नवखी जास्त. इकडे डब्लिनमध्ये जायला नकार देणाऱ्यांना काम द्यायचं म्हणून त्यांच्या अदलाबदलीचा वेगळा खेळ. कारकुनी पदांवर हे कसंबसं निभलं. महामंडळांचे तांत्रिक लोक तर अडूनच बसले, कारण त्यांना डब्लिनमधल्या दुसऱ्या खात्यात जायची वाटच नव्हती. ऑफलीतल्या बर नावाच्या गावी जायला सांगितलेल्या रोजगार-प्रशिक्षण मंडळात बढतीला ‘गावी जायची तयारी’ ही अट लावल्यावरून तंटा थेट कामगार न्यायालयात गेला.

२००८ ची मंदी आली, योजना थांबली. नोव्हेंबर २०११ मध्ये ती अधिकृतपणे गुंडाळली. तोवर ठरलेल्या पदांपैकी साधारण एक तृतीयांश हलली होती. काही गावांत कचेऱ्यांसाठी घेतलेल्या जागा तशाच पडून राहिल्या. मॅक्रीव्ही स्वतः २००४ मध्येच युरोपीय आयोगावर ब्रसेल्सला गेले होते. त्यांची बदली तेवढी वेळेत झाली.

आणि तरीही आयर्लंडच्याच पोटात उलटा पुरावा आहे. त्याआधीच्या दशकांत पेन्शनचं काम स्लायगोला गेलं, करवसुलीची मोठी कचेरी लिमरिकला गेली. गाजावाजा झाला नाही, एका वेळी एक कचेरी, बऱ्यापैकी मोठं शहर, आणि काम असं की जे टपालानं येतं नि टपालानं जातं. ती ठिकाणं आजही व्यवस्थित चालतात. म्हणजे देश तोच, नोकरशाही तीच, फरक घाईचा आणि निवडीचा.

नॉर्वेनं २००३ मध्ये वेगळा जुगार खेळला. मंत्री व्हिक्टर नॉर्मन यांनी ठरवलं, की देखरेख करणाऱ्या यंत्रणा ऑस्लोबाहेर नेल्या तर त्या मंत्रालयांच्या प्रभावापासूनही दूर होतील. स्पर्धा प्राधिकरण बर्गनला गेलं, नागरी विमान वाहतूक बोडोला, सागरी संचालनालय हाउगेसुंडला. बहुतेक कर्मचाऱ्यांनी नोकऱ्या सोडल्या. काही वर्षं कामं रेंगाळली. मग स्थानिक विद्यापीठांतून भरती झाली आणि यंत्रणा पुन्हा उभ्या राहिल्या. सागरी संचालनालयाला तर बंदरपट्ट्यात जाऊन फायदाच झाला असं मानायला जागा आहे. डेन्मार्कनं २०१५ मध्ये सुमारे ३,९०० पदं कोपनहेगनबाहेर न्यायचं जाहीर केलं, तेव्हा भूमापन आणि सागरी नकाशांची संस्था आल्बोर्गला गेली. जुने नकाशाकार गेले नाहीत. ग्रीनलंडच्या समुद्राचे नकाशे त्यामुळे रखडले, आणि त्या बर्फाळ पाण्यात जहाजं जुन्या नकाशांवर हाकावी लागणं ही काही कागदावरची अडचण नव्हे.

ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये बार्नबी जॉइस या मंत्र्यांनी कीटकनाशकांना मंजुरी देणारी संस्था कॅनबेराहून आर्मिडेलला न्यायचा हुकूम काढला. आर्मिडेल त्यांच्याच मतदारसंघात. नवी इमारत तयार नव्हती, तेव्हा सुरुवातीला काही कर्मचारी गावातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये बसून तिथलं वायफाय वापरत होते, असं संस्थेच्या प्रमुखांनीच २०१७ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितलं. शास्त्रज्ञ गेले, वेळेत निकाली निघणारे अर्ज घटले, आणि फवारणीची औषधं लांबली म्हणून तक्रार करणारे होते शेतकरी, म्हणजे ज्यांच्यासाठी हे केलं तेच.

दक्षिण कोरियाचं माप सगळ्यांत मोठं. रोह मू-ह्युन यांनी २००२ च्या निवडणुकीत राजधानी सोलहून हलवायचं वचन दिलं. २००४ मध्ये घटना न्यायालयानं ते अडवलं. मग तडजोड म्हणून दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर सेजोंग हे प्रशासकीय शहर उभं राहिलं. २०१२ पासून बहुतेक मंत्रालयं तिथे गेली. राष्ट्राध्यक्ष, संसद, परराष्ट्र आणि संरक्षण मात्र सोललाच राहिले. त्याचं फळ रोज सकाळी सेजोंगजवळच्या ओसोंग स्टेशनवर दिसू लागलं. संसदीय समिती, मंत्र्यांची बैठक, अर्थसंकल्पावरची चर्चा, सगळं सोलमध्ये. त्यामुळे कक्षप्रमुख गाडीत आणि हाताखालचे सेजोंगमध्ये साहेबांची वाट पाहत. कित्येक वर्षं सरकारनंच सोल-सेजोंग कर्मचारी बस चालवल्या, म्हणजे शहर वसवायला निघालेल्या सरकारनं तिथे न राहण्याची सोयही स्वतःच करून दिली. वर कर्मचाऱ्यांसाठी फ्लॅटचा खास कोटा ठेवला. तिथे राहायलाही न गेलेल्यांनी त्यावर पैसा केला, बोभाटा झाला आणि २०२१ मध्ये तो कोटा रद्द झाला. शहर मात्र वसलं. रस्ते, शाळा, बागा सगळं आहे, तरुण कुटुंबंही आहेत. सोलची गर्दी कमी झाली का, हा प्रश्न वेगळा.

आपल्या देशातही हेच घडलं. आंध्र प्रदेशानं २०१६ मध्ये सचिवालय हैदराबादहून अमरावतीजवळच्या वेलगपुडीला नेलं तेव्हा कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आणि फुकट राहायची सोय द्यावी लागली. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं सचिवालय हैदराबादच्या गाडीत. कर्नाटकानं २०१२ मध्ये बेळगावात सुवर्णसौध बांधलं. हिवाळी अधिवेशनाचे दिवस सोडले तर एवढी मोठी इमारत काय करते, हा तिथल्या लोकांचा वार्षिक प्रश्न आहे. त्या इमारतीमागे सीमाप्रश्नाचं राजकारण आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

महाराष्ट्राचं काय? १९६५ मध्ये ‘मार्ग’ मासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. राज्य सरकारनं स्वतः तिकडे जावं, हा तिचा कणा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण सरकार नरिमन पॉइंटच्या भरावावर टॉवर उभे होऊ देत राहिलं आणि मंत्रालय हललं नाही. बेलापूरला कोकण भवन आलं, विभागीय कार्यालयं आली. हलवले गेले ते व्यापारी. कांदा-बटाटा, धान्य, मसाले यांचा दक्षिण मुंबईतला घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला गेला, लोखंड-पोलाद कळंबोलीला. दुकान मोडून खाडीपलीकडे जा, असं मशीद बंदरच्या दलालाला सांगणाऱ्या सरकारला स्वतःच्या कक्ष अधिकाऱ्याला तेच सांगणं जमलं नाही.

नागपूरची बाजू जुनी आणि दुखरी आहे. १९५६ मध्ये या शहराचं राजधानीपण गेलं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारनं वर्षातून ठरावीक काळ नागपुरात यावं आणि एक तरी अधिवेशन तिथे भरवावं असं कलम होतं. अधिवेशन भरतं. डिसेंबरात फायलींचे गठ्ठे, शिपाई, अवर सचिव, सगळा लवाजमा येतो, रविभवन आणि आमदार निवास रंगवले जातात, अलीकडे आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं आटोपून पुन्हा मुंबई. कलमातला ‘सरकार’ हा भाग त्यातून गळला तो गळलाच. मात्र काही कचेऱ्या तिथे खरोखर शोभतात. वनखात्याचं मुख्यालय नागपुरात आहे, कारण जंगल चंद्रपूर-गडचिरोलीत आहे. भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय तिथे, केंद्राचा भारतीय खाण ब्युरो तिथे, कारण खाणी त्या पट्ट्यात. नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालय आहे, तेही पटण्यासारखं.

पण आपल्या राज्याचं खरं विकेंद्रीकरण पुण्यात झालंय, आणि ते कुणी धोरण म्हणून केलेलं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई सरकार पावसाळ्यात पुण्याला जायचं, तो वारसा पुढे आयुक्तालयांच्या रूपानं वाढला. कृषी, सहकार, साखर, शिक्षण, समाजकल्याण, भूमी अभिलेख, नोंदणी व मुद्रांक: राज्याचा निम्मा कारभार पुण्यातून चालतो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. तरीही सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनमध्ये बगलेत फाइल धरून बसलेले सहसंचालक पूर्वीपासून आहेत. मंजुरी मंत्रालयात. आयुक्त प्रस्ताव ‘सादर’ करतात, मंत्रालयातला कक्ष अधिकारी त्यावर त्रुटी काढतो आणि आयुक्तांचा माणूस त्रुटी पूर्ण करायला मुंबईला जातो. सेजोंगचा कक्षप्रमुख आणि हा सहसंचालक यांनी एकमेकांना लगेच ओळखलं असतं.

कर्मचाऱ्यांना यात खलनायक ठरवणं सोपं आहे. नवरा एका खात्यात, बायको दुसऱ्या, मुलगी बारावीला, डोंबिवलीत कर्जाचा फ्लॅट, सासूबाईंचं डायलिसिस ठाण्याच्या दवाखान्यात. अशा माणसाला आपण सांगतो, की प्रादेशिक समतोलासाठी जा. वर घरभाडे भत्ता घटतो. सातव्या वेतन आयोगाचे मूळ दर शहराच्या वर्गानुसार २४, १६ आणि ८ टक्के होते. मुंबईहून नाशिकला गेला की दोन तृतीयांश, छोट्या गावी गेला की एक तृतीयांश. ज्याला न्यायचं त्याचाच खिसा कापायचा, हा नियम कोणी मुद्दाम केलेला नाही, पण तो आहे. मग जे होतं ते आपल्याला ग्रामसेवक-शिक्षकांच्या ‘मुख्यालयी राहण्याच्या’ अटीवरून पाठ आहे: कागदावर मुक्काम, प्रत्यक्षात अप-डाऊन.

म्हणून जुनी माणसं हलवण्याचा हट्ट सोडून नव्या भरतीपासून सुरुवात करणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. स्वान्सी त्यावर उभं राहिलं, नॉर्वेच्या यंत्रणा त्यावर सावरल्या. दहा वर्षांत निवृत्त होणाऱ्यांच्या जागा नव्या ठिकाणी भरायच्या. वेळ लागतो, फलक लावता येत नाही, म्हणून राजकारण्यांना हे आवडत नाही. ब्रिटनच्या अर्थखात्यानं २०२१ मध्ये डार्लिंग्टनला शाखा जाहीर केल्यावर पुढे मात्र आणखी एक गोष्ट केली. खात्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या सचिवाचं ठाणं डार्लिंग्टनला ठेवलं. तिथे भरती होणाऱ्या मुलीला वर चढायला लंडनचीच गाडी पकडावी लागेल असं उरलं नाही. ती किती वर चढेल ते दिसायला अजून काही वर्षं जातील.

लोकांना जवळ कचेरी हवीच असते, यात शंका नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी, पक्षकारांनी किती दशकं त्यासाठी आंदोलनं केली होती. न्यायालयाचं एक बरं असतं: न्यायमूर्ती जिथे बसतात तिथेच निकाल लागतो. आयुक्तालयाचं तसं नसतं. कचेरी हलवण्याच्या शासन निर्णयात नवा पत्ता असतो, पदांचा आकृतिबंध असतो, लेखाशीर्ष असतं, फर्निचरची तरतूदसुद्धा असते. किती रकमेपर्यंतची मंजुरी आता तिथल्या तिथे मिळेल, याचं कोष्टक सहसा त्याला जोडलेलं नसतं.